आवाज कुठल्या कानात आला?

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करतो. मी चिमटा नाही. दवाखान्यात मला पाहिलं की निम्मी माणसं अंग चोरून विचारतात, "हा चिमटा कशाला?" अहो, मी एक जुना नादकाटा आहे. दोन बोटं आणि एक दांडा, एवढंच माझं शरीर. मला कोपरावर आपटलं की माझी बोटं थरथरतात आणि एक बारीक, सरळ सूर निघतो. कुणाला किती ऐकू येतं आणि कुठल्या कानाने येतं, हे डॉक्टर माझ्या मदतीने तपासतात. काम साधं आहे. तरी माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. त्यातली काही लाज एका बापाची आहे, काही त्याच्या लेकीची आहे आणि उरलेली माझी आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मी पोलादाची कांब होतो. मला तापवलं, वाकवलं आणि एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाती दिलं. तो मला कानशीने जरासा घासायचा, गुडघ्यावर आपटायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. टोकाशी घासलं की आमचा सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. माझ्यापायी त्याने दोन्हीकडे बरीच खटपट केली. "हट्टी आहे लेकाचा," असं तो म्हणाला, आणि तेव्हापासून मी स्वतःला जरा विशेष समजू लागलो. शेवटी सूर जुळला, दांड्यावर माझा आकडा कोरला गेला आणि मी कान-नाक-घशाच्या थोरल्या डॉक्टरांकडे आलो.

थोरले डॉक्टर मला कोटाच्या खिशात पेनाशेजारी ठेवत. रोज किती कपाळांवर मी उभा राहिलो त्याचा हिशेब नाही. म्हातारे, शाळकरी पोरं, नुकतीच लग्न झालेली एक सुतारीण, एक पोस्टमन, सगळे मला ऐकून गेले. थोरले डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणत, "मशीन बिघडेल, आपण चुकू, हा काटा खोटं बोलायचा नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की माझी मान ताठ झाली. दवाखाना सोडताना त्यांनी मला आपल्या हुशार विद्यार्थिनीच्या हातावर ठेवलं. त्याच आमच्या डॉक्टरबाई.

पुढे दवाखान्यात काचेची खोली आली. तिच्यात एक मशीन होतं, कानावर लावायचे मोठे गोळे होते आणि आवाज ऐकू आला की दाबायचं एक बटण होतं. मशीन चालवायला एक ताई आली. बघता बघता माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. तिथे माझ्या सोबतीला सुकलेली पेनं, रबरबँड आणि चष्म्याची एक तुटकी काडी होती. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींनी एकदा माझ्या दांड्याने डब्याचं झाकण उचकटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोलणार कुणाला? एकच बरं होतं. तो खण नीट बंद होत नसे, त्यामुळे फटीतून मला खोलीतलं सगळं दिसायचं.

त्या फटीतूनच मी टेलरमास्तरांना पहिल्यांदा पाहिलं. शाळेतले मास्तर नव्हेत, कपडे शिवणारे. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. ते दारातून आडवे आले आणि डॉक्टरबाईंच्या डावीकडे जाऊन उभे राहिले. खुर्ची दाखवली तर तीही त्यांनी आधी फिरवून घेतली. त्यांच्या मागून त्यांची चौथीतली मुलगी आली. लहानपणी शिवणयंत्रातल्या दोऱ्याच्या रिळासारखी गोल होती आणि एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला बॉबिन म्हणत. आता ती गोलही राहिली नव्हती आणि हलतही नव्हती. तिच्या डोक्याला फ्रॉकच्याच कापडाचा, सुबक शिवलेला रुंद पट्टा होता. तो दोन्ही कानांवरून घट्ट बसला होता.

"अगंबाई, किती छान पट्टा. मला शिवून द्या हो असा," मावशी म्हणाल्या. बॉबिनने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"प्रत्येक फ्रॉकला वेगळा आहे," मास्तर अभिमानाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला, कारण डॉक्टरबाईंनी पट्टा काढायला सांगितला होता.

पट्ट्याच्या आत डाव्या बाजूला एक छोटा कप्पा शिवलेला होता आणि त्यात अत्तराचा बोळा होता. कानातही कापूस होता. डॉक्टरबाईंनी तो चिमटीने काढला. आधी अत्तराचा वास आला आणि त्याच्या मागून दुसरा आला. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही तर येतो तसा. बॉबिनने वळून पाहिलं, दार बंद आहे ना. मावशींनी काही न बोलता खिडकी उघडली आणि त्या पोरीची मान आणखी खाली गेली. खरं सांगतो मित्रांनो, आपण खणात आहोत हे किती बरं, असं त्या क्षणी माझ्या मनात आलं.

"कधीपासून वाहतोय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तसं विशेष काही नाही हो," मास्तर म्हणाले. "सर्दी झाली की वाहतो. आमच्या घरात कान वाहणं आहेच. माझाही वाहायचा. तिच्या आईने फार डोकं खाल्लं म्हणून आणलं. दुखत वगैरे काही नाही तिला."

"सर्दी नसली तरी वाहतो," बॉबिन हळूच म्हणाली.

"ती काहीही सांगते," मास्तर हसले.

"शाळेत कुठे बसतेस?" डॉक्टरबाईंनी तिलाच विचारलं.

"शेवटच्या बाकावर. एकटीच." आपल्याशेजारी कुणी बसत नाही, हे तिने सांगितलं नाही आणि डॉक्टरबाईंनी विचारलंही नाही.

डॉक्टरबाईंनी बारीक नळीने कान साफ केला आणि मोठ्या दुर्बिणीतून बराच वेळ आत पाहिलं. मग तिला काचेच्या खोलीत पाठवलं. थोड्या वेळाने मशीनवाल्या ताईने कागद आणून दिला. डॉक्टरबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "कागद म्हणतो हिला उत्तम ऐकू येतं. हा कान तर तसं म्हणत नाही," त्या पुटपुटल्या. मग बॉबिनकडे वळल्या. "बटण कधी दाबत होतीस गं?"

बॉबिनचे कान लाल झाले. काचेतून ताईचा खांदा दिसत होता. आवाज सोडताना तो जरासा हलायचा. खांदा हलला की ती बटण दाबत होती. आपल्याला ऐकू येत नाही हे सगळ्यांना कळेल, याची तिला धास्ती होती. "दोन्ही कानांना सारखंच दाबलं," ती म्हणाली आणि रडू आवरायला लागली.

"बरं, राहू दे. रागावत नाही मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मावशी, माझा काटा कुठाय हो?"

मावशींनी मला खणातून काढलं, स्पिरिटने पुसलं आणि जरा ओशाळून पुढे केलं. झाकणाची गोष्ट त्यांनाही आठवत असावी. डॉक्टरबाईंनी मला कोपरावर आपटलं आणि बॉबिनच्या कपाळावर, अगदी मधोमध उभं केलं. इतक्या दिवसांनी मला सूर लागला होता. मी जीव ओतून वाजलो.

"आवाज कुठे येतोय? डाव्या कानात, उजव्या कानात, की मध्ये?"

बॉबिनने क्षणभर ऐकलं. तिचा चेहरा उजळला आणि तिने बोट उचलून डाव्या कानावर ठेवलं. वाहणाऱ्या कानावर.

"नीट सांग," मास्तर मध्येच म्हणाले. "तो तर खराब कान आहे ना? खराब कानात कसा येईल आवाज? डॉक्टरांसमोर वेड्यासारखं बोलू नकोस."

बॉबिनचं बोट तिथेच थांबलं. मग ते हळूहळू डोक्यावरून पलीकडे गेलं. "उजव्या," ती म्हणाली.

मित्रांनो, मला माझी मोठी बढाई होती, की मी खोटं बोलत नाही. त्या दिवशी मला कळलं की मी काही बोलतच नाही. मी फक्त वाजतो. खरं काय ते ज्याच्या कपाळावर मी असतो त्यालाच कळतं, आणि तोच घाबरला तर माझा सूर कितीही सरळ असून उपयोग नाही. माझ्यामुळे एका मुलीला सगळ्यांसमोर वेडी ठरवलं गेलं होतं.

डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मला पुन्हा वाजवलं. बॉबिनने वडिलांकडे पाहिलं आणि पुन्हा उजवीकडेच सांगितलं. मग डॉक्टरबाई उठून मास्तरांच्या डाव्या बाजूला गेल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, गळ्यात टेप तशीच राहिलीय." मास्तर समोर बघत बसून राहिले. बॉबिनने त्यांच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा ते दचकून वळले.

"तुमचाही कान तपासते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माझं कशाला? माझा आता वाहत नाही फारसा." पण त्यांनी आपल्या डाव्या कानातला कापूस काढू दिला. काय करणार, लेक बघत होती. त्यांच्या कापसालाही अत्तर होतं. मापं घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ डोकं न्यावं लागतं, म्हणून ते नेहमी उजवी बाजू पुढे करत. त्यांच्या आईनेही लहानपणी त्यांना कानटोपी शिवून दिली होती, उन्हाळ्यातसुद्धा घालायला. हे सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

मला त्यांच्या कपाळावर ठेवलं.

"उजव्या कानात येतोय," मास्तर लगेच म्हणाले. "बघ बॉबिन. चांगल्याच कानात येणार. मी काय सांगत होतो?"

डॉक्टरबाईंनी मला टेबलावर ठेवलं. मग त्यांनी बॉबिनला उजव्या कानात बोट घालायला सांगितलं. "आता तोंड मिटून 'म्म्म' असं गुणगुण. कुठे मोठं ऐकू येतं?" बॉबिनने करून पाहिलं. मशीनवाल्या ताईनेही गुपचूप करून पाहिलं. तुम्हीही करून बघा मित्रांनो. ज्या कानात बोट असतं, त्याच कानात गुणगुण मोठी होते.

"बोट घातलेल्या," बॉबिन म्हणाली.

"तसंच असतं," डॉक्टरबाई मास्तरांकडे वळल्या. "कानाची वाट बंद असली आणि आतलं ऐकणं शाबूत असलं, तर कपाळावरचा आवाज त्या खराब कानातच मोठा येतो. खराब कानात आला तर चांगली बातमी. तुम्हाला तो चांगल्या कानात आला. म्हणजे तुमच्या डाव्या कानात ऐकणारं आता कुणी उरलेलं नाही, मास्तर."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि बोटाला गुंडाळत बसले.

मग डॉक्टरबाईंनी त्यांना समजेल असं सगळं सांगितलं. कानाच्या पडद्याचा वरचा भाग आत ओढला जातो आणि तिथे खिसा होतो. "जुन्या खिशाच्या तळाशी धाग्यांचा चुरा साठतो बघा, तसा या खिशात कातडीचा भुगा साठतो. तो बाहेर पडत नाही. खिसा मोठा होतो आणि आजूबाजूचं हाड खातो. आधी ऐकण्याची नाजूक हाडं, मग चेहऱ्याची नस, मग ऐकण्याचा आतला भाग. फारच आत गेला तर मेंदूलाही धोका असतो. याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. कॅन्सर नाही. पण कानात घालायच्या थेंबांनी तो जात नाही."

"खिसा उलटा करून झटकता येत नाही का?" मास्तरांनी विचारलं.

"लहान असता तर साफ करत राहिलो असतो. हिचा खोल गेलाय. कानामागून ऑपरेशन करून काढावा लागेल. तुमचाही."

"व्रण राहील?"

"कानामागे राहील. केसांत झाकला जाईल."

डॉक्टरबाईंनी मला त्या दिवशी शेवटचं वाजवलं. "बॉबिन, आता खरं सांग. कुठे येतोय?" बॉबिनने वडिलांकडे पाहिलं. मास्तर जमिनीकडे बघत होते. "माहीत नाही," ती म्हणाली. आता डाव्या म्हणावं तर बाबा चुकीचे ठरणार होते, आणि उजव्या म्हणावं तर काय होतं ते तिने नुकतंच ऐकलं होतं.

"घरी विचार करून सांगतो," मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्या कानांवर पट्टा चढवला, डॉक्टरबाईंनी दिलेले कानाचे थेंब खिशात टाकले आणि दोघं निघून गेली. बॉबिनचा तो कान जिवंत आहे की तोही बापाच्या कानासारखा गेलाय, हे कुणालाच कळलं नाही. मी परत खणात गेलो. इतका कानकोंडा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

ती दोघं परत आली नाहीत. मावशींनी निरोप पाठवला तर उत्तर आलं, की थेंबांनी वाहायचं थांबलंय, आता गरज नाही. डॉक्टरबाई रागाने म्हणाल्या, "थांबलंय वरचं. आतलं कोण थांबवणार?" आणखी एक निरोप गेला. त्याला उत्तरच आलं नाही. बॉबिनचं वर्ष संपलं असेल, नवा फ्रॉक आला असेल, त्याला नवा पट्टा आला असेल. खणात पडल्या पडल्या मी एवढाच विचार करत होतो, की तिने पहिल्यांदा ठेवलेलं बोट खरं होतं की नाही.

मग एके दिवशी, दवाखाना उघडत असतानाच, मास्तर तोंडावर रुमाल धरून आले. सोबत बॉबिन होती आणि तिची आई होती.

"दात दुखतोय का मास्तर?" मावशींनी विचारलं.

मास्तरांनी रुमाल काढला. त्यांचं तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं. डावा डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी येत होतं. "सकाळी चूळ भरली तर पाणी एकीकडून गळालं," ते म्हणाले. शब्द नीट उमटत नव्हते. "आरशात पाहिलं. मीच मला ओळखलं नाही. माझं राहू द्या. आधी हिचं बघा."

"अहो, इतके दिवस कुठे होतात?"

"काय सांगू बाई. त्या दिवशी पोरीसमोर खोटा पडलो. परत कुठल्या तोंडाने यायचं, असं वाटत राहिलं."

बॉबिनच्या आईने पदर तोंडाला लावला होता. "मी म्हणत होते, मी म्हणत होते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

खिशाने मास्तरांच्या चेहऱ्याची नस गाठली होती. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, की नस थांबणार नाही, तुमचं ऑपरेशन आधी, मुलीचं लगेच पाठोपाठ. मास्तर मान्य करेनात. "मी घरी गेलो तर पुन्हा हिला घेऊन येईन, याचा माझा मलाच भरवसा नाही," ते म्हणाले. शेवटी असं ठरलं, की दोघांनीही आजच दाखल व्हायचं.

मग डॉक्टरबाईंनी मास्तरांना आणि आईला बाहेरच्या बाकावर बसवलं, दार लावलं आणि मला बॉबिनच्या कपाळावर ठेवलं. तिने दाराकडे पाहिलं. मग डाव्या कानावर बोट ठेवलं.

"नक्की?"

"नक्की. पहिल्यांदापण इथेच आला होता." ती जरा पुढे झुकली. "पण बाबांना सांगू नका. त्यांना आता आणखी वाईट वाटेल."

डॉक्टरबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मावशींना म्हणाल्या, "आत अजून जीव आहे. घाई करायला हवी." त्या दिवशी त्यांनी मला खणात टाकलं नाही, कोटाच्या खिशात ठेवलं.

ऑपरेशन मी पाहिलेलं नाही. तिथे माझं काम नसतं. मास्तरांचा खिसा काढला, नस मोकळी केली, चेहरा हळूहळू पुष्कळसा सुधारेल असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बॉबिनचं ऑपरेशन मात्र लांबलं. तिच्या ऐकण्याच्या हाडांपैकी मधलं हाड खाऊन टाकलेलं होतं आणि तो भुगा ऐकण्याच्या आतल्या भागाला अगदी चिकटून बसला होता. तिथून तो सोडवताना हात जरासा चुकला तरी जे वाचवायचं तेच जाऊ शकतं. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा आईने विचारलं, "वाचला का कान?" त्या म्हणाल्या, "आजार सगळा काढलाय. कान वाचला की नाही ते उद्या सकाळी तीच सांगेल."

मित्रांनो, त्या सकाळी डॉक्टरबाईंच्या खिशात मीच होतो.

बॉबिन खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोक्याला ही मोठी पट्टी. शेजारी स्टुलावर आई होती. मास्तरही आपल्या वॉर्डातून आले होते, त्यांच्याही कानाला पट्टी आणि डोळ्याला मलम. डॉक्टरबाईंनी मला कपाळावर ठेवलं. मी वाजलो. बॉबिनने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. काय सांगितलं तर बरं होईल, हे ती तिथे शोधत होती. त्या वाकड्या चेहऱ्यावरून तिला काहीच कळेना. ती बघत राहिली आणि माझा सूर विरून गेला.

मास्तरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी स्वतःचा हात तोंडावर दाबून धरला आणि भिंतीकडे वळून आमच्याकडे पाठ केली. त्यांचे खांदे ताठ झाले होते.

डॉक्टरबाईंनी मला पुन्हा आपटलं. बॉबिनने या वेळी डोळे मिटले. कुणी हललं नाही. मी थरथरत होतो आणि मला आतून फार भीती वाटत होती. मग तिचा हात वर आला आणि पट्टीवर टेकला.

"इथे," ती म्हणाली. "पट्टीच्या आत."

"डाव्या," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्या खाटेच्या कडेला बसल्याच. "वाचला. मधलं हाड पुढे बसवता येईल. साफ करायला मात्र येत राहायचं हं, कंटाळा करायचा नाही." आईला रडू फुटलं. मास्तर भिंतीकडेच तोंड करून उभे होते.

"आता बाबांना लावा," बॉबिन म्हणाली.

डॉक्टरबाई गोंधळल्या. "अगं, बाबांचं वेगळं आहे."

"त्यांचंपण ऑपरेशन झालंय ना? लावा ना."

मास्तर वळले आणि येऊन तिच्यासमोर बसले. "लावा," ते म्हणाले. बॉबिन त्यांच्याकडे डोळे लावून बसली होती. त्यांनी नुसतं डावा म्हटलं असतं तर ती खुश झाली असती. डॉक्टरबाईंनीही काही म्हटलं नसतं, असं मला वाटतं. मी वाजलो, मोठ्याने वाजलो, आणि संपलो.

"उजव्या कानात," मास्तर म्हणाले. "डावीकडे काही नाही, बॉबिन. तो कान गेला. आता यायचा नाही."

"का गेला?"

"मी लाजत राहिलो. लपवत राहिलो. आणि तुलाही तेच शिकवलं. तू बरोबर सांगितलंस तेव्हा तुलाच गप्प केलं. माझं चुकलं गं."

बॉबिनने थोडा विचार केला. "खूप दुखायचा का?"

"नाही ना," मास्तर म्हणाले. "एकदाही दुखला नाही. दुखला असता तर लहानपणीच रडलो असतो, आणि मग कुणीतरी मला इथे आणलं असतं."

बॉबिनने चादरीचं टोक घेतलं आणि बापाच्या न मिटणाऱ्या डोळ्यातलं पाणी पुसलं. मास्तरांनी ते पुसू दिलं, आणि तोंड लपवलं नाही.

मित्रांनो, तुमचा कान वाहत असेल, त्याला वास येत असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. त्यात कापूस कोंबू नका, तेल घालू नका, टोपीखाली झाकू नका. असे कान घेऊन कितीतरी माणसं आमच्याकडे येतात आणि आम्ही कुणालाही हसत नाही. वर्गात कुणी एकटं बसत असेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. आणि घरातल्या मोठ्यांना माझा एक निरोप द्या. डॉक्टर मुलाला विचारतील तेव्हा मुलालाच बोलू द्या. उत्तर चुकीचं वाटलं तरी मध्ये तोंड घालू नका. बॉबिनने पहिल्याच वेळी खरं सांगितलं होतं.